स्वल्पविरामासकट

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर, जिथं कठड्याचा एक गज निखळलेला आहे तिथं, त्याच्या लक्षात आलं की आपण स्वल्पविरामसुद्धा वाचले. पाय पायरीवरच राहिला. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत बाईंचे एकतीस कागद, आणि कानात तासाभरापूर्वीचा आपलाच आवाज: ‘सकाळ होती स्वल्पविराम आईनं केस घट्ट बांधले होते पूर्णविराम नवा परिच्छेद.’ हे आपण बाईंपुढे म्हणालो. त्यांनी जन्मात एकदाच काहीतरी लिहिलं, कुणाला दाखवलं नाही, डोळे जात चालले तसतसं अक्षर मोठं मोठं करत जाड पेनानं पुरं केलं, आणि ते आपण असं वाचलं. बाईंनीही ते असं ऐकलं. दोघांपैकी एकालाही काही खटकलं नाही! शेवटचा पूर्णविराम म्हणून झाल्यावर बाई थोडा वेळ खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तिकडे उजेड आहे एवढंच त्यांना आता कळतं. मग म्हणाल्या होत्या, ‘मेलेलं आहे हे. सोमवारी छापखान्यात कटिंग मशीनवर घाला.’ आणि तो म्हणाला होता, ‘बरं.’ सत्तावीस वर्षं तो त्यांना ‘बरं’च म्हणत आला होता, दुसरा शब्द तोंडात आलाच नाही.

मागं फिरावं, वर जावं, असं वाटलं खरं. पण वर जाऊन सांगायचं काय? बाई, मघाशी माझ्याकडून स्वल्पविराम वाचले गेले, तेवढे वजा करून पुन्हा ऐका? बाईंना असल्या सबबी चालत नाहीत. शिवाय वजा करून उरलं काय असतं? स्वल्पविराम गाळले असते तरी बाकीचे शब्द त्याच चालीचे होते, एकामागून एक, सारख्या उंचीचे, रांगेत उभ्या केलेल्या डब्यांसारखे. तो पायऱ्या उतरायला लागला. उतरताना प्रत्येक पायरीला त्याला एक एक ओळ आठवत होती आणि प्रत्येक ओळीला तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

बाहेरच्या माणसाला ही चूक समजायची नाही. छापखान्यात पूर्वी कॉपीहोल्डर नावाचा एक प्राणी असे. मुद्रितशोधक छापलेल्या प्रुफावर नजर लावून बसे आणि कॉपीहोल्डर समोर बसून लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचे. वाचे म्हणजे सगळंच वाचे. अक्षरं, आकडे, कंस उघडला, कंस मिटला, अवतरण सुरू, अवतरण बंद, इथं ओळ तोडली, इथं अक्षर ठळक. लेखकाच्या कागदावरची मुंगीसुद्धा त्यानं सोडायची नाही. हा प्राणी म्हणजे तो, आणि समोरच्या खुर्चीवर बाई. यंत्रांचा हॉल आणि कागदाचं गोदाम यांच्यामधे फळ्या ठोकून केलेली खोली, दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलाच्या कडेला दोघांच्या कोपरांनी झिजून पडलेले दोन गुळगुळीत खळगे. छापखान्यात त्यांना ‘डोळे’ आणि ‘तोंड’ म्हणत. ‘डोळे रजेवर, म्हणून तोंड बंद’ हा विनोद हजार वेळा तरी झाला असेल, आणि करणाऱ्याला दर वेळी वाटे की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. सहा वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. पुढं काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले, तेव्हापासून तो विनोद कुणी केला नाही, एवढी माणुसकी छापखान्यात होती. फळ्यांची खोली मोडली, प्रुफं संगणकावर गेली, आणि तोंडाला गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामावर बसवलं. तिथं बोलायची गरज पडत नाही.

तर त्या कामात आवाज सपाट लागतो. वाचणाऱ्यानं जरा रंग भरला की ऐकणारा गोष्टीत ओढला जातो, आणि गोष्टीत गेलेल्या डोळ्यांना छपाईची चूक दिसत नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, अंगावर घेऊन शिकावं लागलं होतं. पहिलंच वर्ष, वय चोवीस. एका कादंबरीत म्हातारा नावाडी मरतो ते पान होतं. त्याला वाचता वाचता काय झालं कुणास ठाऊक, आवाज आपोआप खाली गेला, ‘पाणी’ या शब्दापाशी तो थांबला, पुढचं वाक्य जवळजवळ श्वासानंच म्हणाला. मान वर करून पाहिलं तर बाईंची पेन्सिल हवेत होती आणि नजर प्रुफावर नव्हती, त्याच्याकडे होती. क्षणभरच. मग ‘पुढे’ म्हणाल्या. पुस्तक छापून आलं तेव्हा त्या पानावर एक अख्खा परिच्छेद दोनदा जुळवला गेला होता. नावाडी पाणी मागून मेला, आणि चार ओळींनी पुन्हा पाणी मागून पुन्हा मेला. गावभर हसू झालं. मालकांनी दोघांना बोलावलं, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘माझी डुलकी लागली होती.’ ज्या बाईला सत्तावीस वर्षांत कुणी जांभई देताना पाहिलं नाही, ती बाई असं म्हणाली. त्यांची एक पगारवाढ थांबली. खोलीत परत आल्यावर त्या एवढंच बोलल्या, ‘तुम्ही चांगलं वाचता. इथं तसं वाचू नका.’ त्यानं त्या दिवशी कानाला खडा लावला. बाई त्याला ‘वाचक’ म्हणत. महिन्याभरात त्यानं आवाज इतका घोटून सपाट केला की त्या कधीतरी दुसऱ्या कुणाला म्हणाल्या, ‘वाचकांच्या आवाजात काही मिसळलेलं नसतं.’ हे त्याच्या कानावर आलं आणि तो आठवडाभर हवेत होता. आयुष्यात त्याला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र तेच. भिंतीवर लावता आलं असतं तर त्यानं लावलं असतं.

पिशवी छातीशी धरून तो बसथांब्यापर्यंत आला आणि बस आली तरी चढला नाही. चालतच निघाला. त्याला आठवत होतं की चोवीसच्या आधी आपल्याला आवाज होता. ताई शिवणाच्या मशीनवर बसायची आणि साप्ताहिकातली क्रमशः गोष्ट त्याला वाचायला लावायची. दहा-अकरा वर्षांचा असेल तो. सावकार घोगरा, सून रडवी, इन्स्पेक्टर नाकात, सगळी सोंगं करायचा. ताई मान वर करायची नाही, तिचे पाय मशीनवर चालूच असायचे, पण एखाद्या वाक्याला पाय थांबायचे. मशीन थांबलं म्हणजे वाक्य लागू पडलं. त्याला त्याचा नाद लागला होता. कुठल्या शब्दाला रेटलं की मशीन थांबतं, कुठं मुद्दाम गप्प राहिलं की थांबतं, कुठं अगदी हळू म्हटलं की थांबतं, हे त्या पोरवयात त्याला बोटांना कळावं तसं कळत होतं. ताई लग्न होऊन दूर गेली, गोष्ट अर्धीच राहिली. मग नोकरी, मग नावाडी. एवढी मोठी वस्तू आपण कुठं ठेवून विसरलो, आणि विसरलो हेही विसरलो, याचं त्याला भर रस्त्यात नवल वाटलं.

आणि रस्ता तर नुसता बोलत होता. हे रोजचंच असणार, पण रोज त्याचे कान बंद असत. फळांच्या गाडीशी एक बाई म्हणत होती, ‘कालची आहेत,’ आणि गाडीवाला म्हणत होता, ‘कालची?’ त्या एका शब्दात त्यानं आपला बाप, आपली इमानदारी आणि तिच्या डोळ्यांची शंका असं सगळं भरलं होतं. खिडकीत बसलेला कारकून समोरच्या म्हाताऱ्याला ‘उद्या’ म्हणाला ते असं, की तो उद्या या जन्मात यायचा नाही हे म्हाताऱ्यालाही समजलं. एका दारात आई मुलाला ओरडत नव्हती, उलट आवाज उतरवत चालली होती, एकेक शब्द सुटा करून, ‘मी. आता. मोजणार. नाही.’ आणि मूल ओरडण्याला घाबरलं नसतं तेवढं त्या उतरत्या आवाजाला घाबरून आत पळालं. काय लोक होते! कुणी शिकवलं नाही, कुणी खुणा करून दिल्या नाहीत, आणि कुठल्या शब्दावर किती भार टाकायचा हे एकाचंही चुकत नव्हतं. त्याला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आपण मात्र तेहतीस वर्षं भाषेचा धंदा केला आणि भाषेचं वजन तेवढं बाहेर ठेवून आत गेलो.

घरी बायकोनं दार उघडलं आणि म्हणाली, ‘आलात?’ यातही किती प्रकार होते! उशीर झालेला ‘आलात’, पाहुणे आत बसलेत म्हणून सावध करणारा ‘आलात’, काही आणायचं विसरला असाल तर आताच सांगा असा ‘आलात’. आजचा ‘आलात’ त्याचा चेहरा पाहून मधेच वळला आणि काळजीवर जाऊन टेकला. त्यानं चप्पल काढता काढता सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हसू दाबत म्हणाली, ‘स्वल्पविरामासकट?’

‘हसू नकोस.’

‘मी कुठं हसतेय? अहो, तुम्ही घराला आग लागली हेसुद्धा पाणीपट्टीच्या पावतीसारखं सांगाल. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला म्हणालात, तू मला आवडलीस. मी आईला विचारलं, हे मला आवडली म्हणाले की नापास म्हणाले?’ मग तिचं हसू ओसरलं. ‘आणि त्यांनी फेकायला सांगितलं? किती वर्षं लिहीत होत्या?’

‘चार.’

‘आणि तुम्ही बरं म्हणालात.’

हे तिनं विचारलं नाही, नुसतं ठेवलं त्याच्यापुढे. ‘बरं’ या शब्दावर तिनं काहीसुद्धा जोर दिला नव्हता आणि तो शब्द दगडासारखा पडला. तो तिच्याकडे बघत राहिला. तीस वर्षं ही बाई आपल्या घरात एवढी मोठी कला उघड्यावर करते आहे आणि आपण भाजीत मीठ किती एवढंच तिला सांगत आलो. तो म्हणाला, ‘मला शिकव.’

तिला आधी ती थट्टा वाटली. मग थट्टा नाही हे कळल्यावर तिनं हात पुसले, कागदांतलं एक पान काढून त्याच्यासमोर धरलं. त्यानं घसा खाकरला आणि वाचलं, चांगला जोर देऊन. चार वाक्यं झाली नाहीत तोच शेजारच्या काकांनी दार वाजवलं आणि सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. बायकोनं त्यांना, हे वाचतायत, म्हणून सांगितलं, आणि काकांचा त्यावर विश्वास बसला नाही हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. ‘जोर म्हणजे ओरडणं नव्हे,’ ती दार लावून म्हणाली. ‘तुम्ही सगळ्याच शब्दांना ढकलताय. सगळेच पाहुणे मोठे केले तर पाट कुणाला मांडायचा?’

‘मग कुठल्या शब्दाला ढकलायचं ते कसं कळतं?’

‘मला काय ठाऊक! मी कुठं ठरवून बोलते? मला जे सांगायचं असतं ते ज्या शब्दात असतं तिथं जीभ आपोआप टेकते. कधी तो मोठ्यानं येतो, कधी उलट बारीक येतो. कधी त्याच्या आधी मी नुसती गप्प राहते.’ ती थोडी थांबली. ‘बाईंना काय सांगायचंय ते तुम्हाला कळलंय का? ते कळल्याशिवाय कुठं टेकणार?’

त्यानं कागदाकडे पाहिलं. एकतीस पानं त्यानं तोंडानं वाचली होती आणि त्यातलं काही त्याच्या आत उतरलं नव्हतं. तीही सवयच होती, अर्थ दाराबाहेर ठेवायची. तो खिडकीशी बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंचं अक्षर मनात वाचायला लागला, पुढे पुढे एकमेकांवर चढत गेलेल्या ओळी बोटानं सोडवत. नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई. बाप अंथरुणाला खिळलेला, घरात खाणारी पाच तोंडं, आणि आईला नकाशांच्या कचेरीत जागा मिळायची शक्यता. परीक्षा दहाला, फाटक दहाला बंद. मुलगीही बरोबर. दोघी धावत निघालेल्या, आणि चौकात मुलगी पडते. गुडघा फुटतो. आई वळून पाहते आणि पुढे जाते. मुलीला रस्त्यावरची कुणी बाई उचलते, नळावर पाय धुते. आई तीन तासांनी येते, परीक्षा देऊन. बस, एवढंच. तो गुडघ्याच्या ओळीवर परत आला. बाईंच्या डाव्या गुडघ्यावर वण होता, खुर्चीत बसताना त्या तो पाय जपून दुमडायच्या, हे त्याला सत्तावीस वर्षं दिसत होतं आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी तो कागद घेऊन छापखान्यात गेला आणि कटिंग मशीनपाशी उभा राहिला. पातं खाली येत होतं, वर जात होतं, आणि कागदाच्या कडांच्या पांढऱ्या फिती टोपलीत पडत होत्या. मशीनवाला म्हणाला, ‘काय घालायचंय?’ तो म्हणाला, ‘काही नाही,’ आणि चिठ्ठ्यांच्या टेबलाशी जाऊन बसला. संध्याकाळी बाईंचा फोन आला. ‘घातले?’ बाईंनी विचारलं. ‘घातले,’ तो म्हणाला. तिकडून एक श्वास ऐकू आला आणि मग, ‘बरं झालं.’ फोन ठेवल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंना शंका आली नव्हती. यायची कशी? ज्या आवाजात काही मिसळलेलं नसतं त्या आवाजात खोटंही मिसळलेलं दिसत नाही. उभा जन्म जपलेल्या प्रामाणिक आवाजातून पहिलंच खोटं इतकं बेमालूम निघावं, याची त्याला स्वतःचीच भीती वाटली. आणि ‘बरं झालं’ यात ‘झालं’वर बाई किंचित अडखळल्या होत्या, तेही त्यानं ऐकलं. आठवड्यापूर्वी ऐकलं नसतं.

आठवडाभर तो वाचत राहिला. जेवणाच्या सुट्टीत गोदामात कागदांच्या थप्प्यांना वाचून दाखवलं, घरी बायकोला. ती भाजी निवडत ऐके आणि मधेच म्हणे, ‘हे खोटं वाटलं,’ किंवा काहीच म्हणत नसे. शुक्रवारी मुलगी आईला हाक मारते त्या ओळीला त्याचाच आवाज भरून आला. बायकोनं डोळ्याला पदर लावला. त्याचा जीव भांड्यात पडला, म्हटलं, सापडलं.

शनिवारी दुपारी तो बाईंच्या दारात उभा राहिला. त्यांनी पावलं ओळखली. ‘वाचक? आज काय काढलंत?’ खोलीत खुर्च्या तशाच होत्या, एकमेकींसमोर, मधे टेबल. बसायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, ‘बाई, मी कागद कापले नाहीत.’

बाईंचा चेहरा तसाच राहिला, फक्त टेबलावरची बोटं आत वळली. ‘फोनवर तुम्ही घातले म्हणालात.’

‘खोटं बोललो.’

‘तुम्ही?’ बाई म्हणाल्या. ‘मी तुमच्या आवाजावर डोळे मिटून सह्या केल्या. हजारो पानांवर. आता मला वाटायला लागेल की त्यातही काही असेल.’

‘त्यात नव्हतं. यात होतं, कारण हे तुमचं होतं. मागच्या शनिवारी मी काय केलं ठाऊक आहे? मी तुम्हाला स्वल्पविराम वाचून दाखवले. पूर्णविराम वाचले. नवा परिच्छेद म्हणालो. तुम्ही मेलेलं आहे म्हणालात, पण ते मी मारलं होतं. एक पान वाचतो. एकच. मग म्हणाल तर आत्ता तुमच्यासमोर फाडतो.’

बाईंच्या कपाळावर आठ्या जमा झाल्या. त्या आठवत होत्या. मग त्यांच्या नाकातल्या नाकात एक आवाज निघाला, तो हसू होतं की काय हे त्याला ओळखता आलं नाही. ‘स्वल्पविराम,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ‘आणि मी प्रूफ शोधत होते टेबलावर! मलाही वाटलं, हात रिकामा का.’ त्यांनी हात झटकला. ‘वाचा. एकच पान.’

त्यानं चौकातलं पान काढलं. त्यानं सुरुवात अगदी संथ केली, धावणाऱ्या दोघींची पावलं आवाजात येऊ दिली, ‘दहाला पाच मिनिटं होती’ इथं श्वास आखडला, ‘मी पडले’ म्हणून थांबला, तो थांबा त्यानं आठवडाभर मोजून ठेवला होता. आणि मग, ‘गुडघा फुटला. मी आई म्हणून ओरडले.’ त्याचा आवाज भरला, नको म्हणताना भरला. ‘तिनं मागं वळून पाहिलं, आणि ती गेली.’ हे शेवटचे शब्द त्यानं विझत विझत म्हटले, रस्त्यात रक्ताळलेल्या गुडघ्याशी बसलेल्या पोरीकडे बघत. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं वर पाहिलं.

बाईंनी टेबलावर पंजा आपटला. ‘कुणासाठी रडताय तुम्ही?’

तो गांगरला. ‘बाई, त्या मुलीसाठी...’

‘मुलीला काय धाड भरली होती? गुडघा फुटला, धुतला, आठ दिवसांत बरा झाला! सगळा जन्म लोक हेच करत आले. मावश्या, शेजारणी. बिचारी पोर, कसली ती आई. आणि तुम्हीही तेच? चुकीच्या जागी टेकलात तुम्ही, साफ चुकीच्या! तिथं नाही टेकायचं.’

‘मग कुठं?’

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच क्षणी त्याला जाणवलं की सत्तावीस वर्षं ही बाई त्याच्यासमोर बसली, त्याचा आवाज तिनं दिवसाचे सात तास ऐकला, आणि तिचा आवाज त्यानं ऐकलाच नाही. ‘पुढे’, ‘थांबा’, ‘पुन्हा’. तीन शब्दांच्या पलीकडे तिनं त्याच्याशी बोलायचं कारणच नव्हतं. बोलणं हे त्याचं काम होतं. आता त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. हनुवटी वर झाली. न दिसणारे डोळे त्याच्या डोक्यावरून कुठं तरी लांब लागले.

‘तिनं मागं वळून पाहिलं,’ बाई म्हणाल्या, भराभर, उरकून टाकावं तसं. मग गप्प राहिल्या. इतक्या गप्प, की त्याला वाटलं, विसरल्या. आणि मग, ‘आणि ती गेली!’

शाळेतून पळत आलेली पोर दारातूनच बक्षिसाची बातमी सांगते तसा तो आवाज होता, चढा, थोडा घोगरा, आनंदानं फुटलेला. त्यात रडणं औषधालासुद्धा नव्हतं. एका ‘गेली’त आईचं पळणं होतं, फाटक होतं, पाच माणसांची पोटं होती, आणि रस्त्यात बसून गुडघा धरून आपल्या आईकडे तोंड उघडं टाकून बघणारी, दुखणं विसरलेली नऊ वर्षांची मुलगी होती. तिला वाटलं होतं की आई मागं फिरेल, आणि आई मागं फिरली नाही, आणि तेव्हापासून तिच्या मनात आईएवढं मोठं कुणीच राहिलं नव्हतं.

‘असं,’ बाई म्हणाल्या. त्या धापा टाकत होत्या.

आपला आठवडाभराचा अभ्यास या एका शब्दापुढे किती पोरकट होता हे त्याला दिसत होतं, आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटत नव्हतं. उलट, एवढं मोठं काहीतरी ऐकायला आपण या खोलीत होतो याचा गर्व वाटत होता. शेवटी तो म्हणाला, ‘बाई, पण कागदावर हे असं नाही. कागदावर नुसतं गेली आहे. उद्गारचिन्हसुद्धा नाही.’

‘नाही घातलं.’

‘का?’

‘घाबरले.’ हा शब्द त्यांनी अगदी खाली ठेवला. ‘लिहितानाही वाटत होतं, लोक वाचतील, म्हणतील, आईनं टाकलं आणि ही नाचते. म्हणून सगळं सपाट केलं. तुमच्यासारखं.’ मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. ‘तुमच्याकडूनच शिकले असेन. सत्तावीस वर्षं दुसरं ऐकलं काय मी?’

‘आता?’

बाई पुन्हा खिडकीकडे वळल्या होत्या. ‘तिनं चपला काढून हातात घेतल्या होत्या,’ त्या एकदम म्हणाल्या. ‘तुम्हाला दिसतंय का? वळून पाहिलं, चपला काढल्या आणि पळाली. चांगली मोठी बाई, केस सुटलेले, सगळा रस्ता बघतोय. पळाली! एक हमाल बाजूला झाला तिला वाट द्यायला. मी रस्त्यात बसून ओरडले, ही माझी आई आहे!’

तो घाईनं कागद उलटेपालटे करत होता. हे कुठल्याच पानावर नव्हतं. ‘बाई, हे यात लिहिलेलं नाही,’ तो म्हणाला.

‘नसेल. लिहा.’

त्यानं खिसे चाचपले. चिठ्ठ्यांवर आकडे घालायचं पेन सापडलं. एकतिसावं पान त्यानं पालथं घातलं आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागला. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं बोलत आलेल्या माणसाचं अक्षर कसं असणार, किरटं, वाकडं, शाळेतलं. चपला लिहून झाल्या, हमाल झाला. तोपर्यंत बाई फाटकापाशी पोचल्या होत्या, पहारेकरी फाटक ओढत होता, आईनं एक पाय आत घातला होता, आणि बाईंचा आवाज चढतच होता, मधेच एकदम खाली येऊन कुजबुजत होता, पुन्हा उसळत होता. कुठं स्वल्पविराम द्यावा हेही त्याला सुधरत नव्हतं.

‘बाई, जरा हळू,’ तो म्हणाला.

पण बाई आता कुणासाठी हळू होणार नव्हत्या.